लाखेखालचा आवाज

एकलहऱ्याहून काकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. "वसंतकाका गेले रे..." एवढंच म्हणाल्या. दिंडोरीकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलेल्या मला या दोघांनी घरात ठेवून घेतलं नसतं, तर आमच्या घराण्यात पदवी आलीच नसती. महिना झाला, तरी काकांबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो.

काका वीजकेंद्रात नोकरीला होते, पण जीव हॅम रेडिओत. रीतसर परवाना काढून घरच्या सेटवरून दूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, हा त्यांचा नव्वदच्या दशकातला रोजचा संध्याकाळचा छंद. या बोलण्यावर सरकारी केंद्राचा कान असे. राजकारण किंवा सरकारवर टीका चालत नसे. काकांना त्याचा राग नव्हता. गप्पा संपवताना ते त्या न दिसणाऱ्या माणसालाही म्हणायचे, "ऐकणाऱ्या साहेबांना नमस्कार." काकू आतून टोमणा मारायच्या, "घरात यांचं कुणी ऐकत नाही, सरकार तेवढं ऐकतं."

मग एका पावसाळ्यात नदीकाठची एक वस्ती पुरात अडकली. फोन बंद पडले होते. काका दुपारभर सेटवरून मदत मागत राहिले, पण होडी काही आली नाही. शेवटी त्यांचा तोल गेला. "माणसं झाडावर बसलीत आणि अधिकारी आदेशाची वाट बघताहेत. लाज वाटायला हवी." त्या दिवशी नमस्कार करायचा राहून गेला.

काही दिवसांनी त्या सरकारी केंद्राकडून दोघे जण आले. त्यांनी हेच वाक्य शब्दन् शब्द वाचून दाखवलं. काका म्हणाले, "बरोबर लिहून घेतलंत." परवाना थांबवला गेला. सेट कापडात बांधून गाठीवर लाखेचं सील लावलं, चौकशी होईपर्यंत.

ती चौकशी झालीच नाही. काका अर्ज पाठवत राहिले, निवृत्त झाले, तरी उत्तर नाही. संध्याकाळी मात्र त्याच खुर्चीत, बांधलेल्या सेटसमोर बसायचे. सोडून द्या, असं मी एकदा म्हणालो. "अरे, तेव्हा माझं एक वाक्य त्यांच्या कानातून सुटलं नाही. आता एवढं ओरडतोय... निदान तेव्हा कुणीतरी ऐकत होतं." त्यानंतर ते घरातही बोलेनासे झाले. शेवटी शेवटी पाणी हवं असलं तरी हातानेच खूण करायचे.

परवा भेटायला गेलो होतो. आता तरी सील तोडूया का, असं काकूंना विचारलं. त्यांनी गाठीला धक्का न लावता पदराने लाखेवरची धूळ टिपली.

"नको. आपण तोडलं तर यांच्यावर येईल," त्या म्हणाल्या. "चौकशी व्हायचीय अजून."