सगळ्यांच्या मागून येणारे मिलिंददादा

रविवार, रात्रीचं जेवण व्हायचंय.

खूप महिन्यांनी इथे लिहितेय. तुमच्या मेसेजना उत्तरं दिली नाहीत, माफ करा.

आज सकाळी आम्ही सहा जण जंगलातल्या रस्त्यावर नुसते उभे राहिलो, कारण पुढे जायला कोणीच तयार नव्हतं.

मिलिंददादांना जाऊन आज वर्ष झालं. झोपेतच गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा ग्रॅव्हल सायकलवाल्यांचा छोटा ग्रुप आहे. जाड टायरच्या सायकली, आणि डांबर सोडून मुरमाच्या वाटा. नाशिकहून सायकली पिकअपमध्ये टाकायच्या, त्र्यंबकच्या पुढे उतरायचं आणि सागाच्या जंगलातून वैतरणा धरणाच्या बॅकवॉटरपर्यंत जायचं.

दादा नाशिक रोडला राहायचे. नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये. आमच्यात सगळ्यात दमदार तेच.

आणि कायम सगळ्यात मागे.

तसं कोणी ठरवून दिलं नव्हतं. पुढचा माणूस दिसत राहील इतकं अंतर ठेवून यायचे. आमच्यातलं कोणी कधी एकटं पडलं नाही.

आज त्यांच्या पत्नी, सुजाता वहिनी, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या.

दादा होते तोवर त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. ते गेल्यावर मुलीच्या गिअरच्या सायकलवर शिकल्या. आधी कॉलनीत, मग देवळाली कॅम्पपर्यंत. काल फोन आला, "घरी वर्षाची बुद्धवंदना संध्याकाळी आहे. सकाळी मला तुमच्याबरोबर न्या."

भात कापणीला आलेला. खुरासणीची फुलं पिवळीजर्द.

आणि आमचा वेग बैलगाडीचा.

मी मुद्दाम हळू चालवत होते. आज दादांच्या जागी मागे मी राहणार, असं मनात ठरवून आले होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की हेमंतही हळू चालवतोय. बाकीचेही. प्रत्येकानं तेच ठरवलेलं!

फाटा आला आणि सगळे थांबलो.

"तुम्ही व्हा पुढे."

"नाही नाही, तुम्ही व्हा."

मोटरसायकलवरून एक आजोबा आले. आमच्याकडे बघत म्हणाले, "थांबले काय? रस्ता हाय ना पुढं!"

ते गेले. आम्ही तिथेच.

मी मागे राहणार होते ते वहिनींची काळजी म्हणून, की दादांची जागा माझी आहे हे इतरांना दिसावं म्हणून? दिवसभर विचार करतेय.

शेवटी वहिनीच बोलल्या.

"तुम्ही सगळे माझ्या मागे राहिलात, तर मी कोणाच्या मागे जायचं? मला काय रस्ता माहितीये?"

मग म्हणाल्या, "मला सगळ्यात मागून यायचंय."

हेमंत म्हणाला, "वहिनी, जंगल आहे. तुमच्या मागे कोणीच नसेल."

"ह्यांच्या मागे कोण असायचं?"

वहिनीच पुढे म्हणाल्या,

"दर रविवारी घरी आले की तुमच्या पाठींबद्दल सांगायचे. डोंगराचं नाही, पाण्याचं नाही. हेमंतभाऊ चढ आला की पाणी प्यायला थांबतात, दमलेत ते कळू नये म्हणून."

सगळे हसलो. हेमंतसुद्धा, पण जरा उशिरा.

"आणि ताई, तुम्ही उतारावर सारखी मान वळवता. म्हणायचे, ही बाई एक दिवस पडणार. आज मागे बघायचं नाही."

मी पुढे निघाले. मान वळवली नाही. किती जड गेलं ते मलाच माहीत.

पाण्याच्या कडेला पोचलो. एकेक जण आला. वहिनी आल्या नाहीत.

थांबलो. फोनला रेंज नाही. समोर जलाशय एकदम शांत, एक बगळा उथळ पाण्यात उभा.

"मी बघून येतो," हेमंतनं सायकल वळवली.

मी त्याचं हँडल धरलं. "थोडं थांब."

"ताई, त्यांना काही झालं तर?"

तर त्यांच्या मुलीला तोंड दाखवता आलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी हँडल सोडलं नाही. बरोबर केलं की नाही, हे आत्ता लिहितानाही ठाऊक नाही.

मग झाडीतून वहिनी आल्या. चालत. सायकल ढकलत. मागचं चाक बसलेलं, चेहरा लालबुंद.

"पंक्चर. एकदा वाटलं हाका माराव्यात. मग म्हटलं, हे सगळे धावत येतील आणि मला पुन्हा मध्ये घालतील."

पाणी प्यायल्या. बूट काढून पाय पाण्यात सोडून बसल्या.

मग म्हणाल्या, "तुम्ही निघून गेलात ना, की धूळ खाली बसते. आणि पाखरं परत रस्त्यावर उतरतात, दाणे टिपायला. सगळी. जसं कोणी गेलंच नव्हतं."

"हे ह्यांनी मला कधी सांगितलं नाही."

इतकी वर्षं त्या रस्त्यानं जातेय. मला ती पाखरं माहीत नव्हती.

हेमंत ट्यूब काढायला बसला. वहिनींनी त्याच्या हातातून पाना घेतला. "मला दाखवा. पुढच्या रविवारीही मीच मागे आहे."

पण चाक काही त्यांना निघेना, ऊन चढलं होतं, शेवटी हेमंतनंच काढून, ट्यूब बदलून लावलं. ते त्यांना आवडलं नाही.

संध्याकाळी वंदनेला घर भरलं होतं. दादांचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. खीर वहिनींनीच वाढली, हाताला अजून चेनचं काळं.

दादा, विनम्र अभिवादन. तुमची फार आठवण येते.

उद्याचं काम: ऑफिस सुटल्यावर नाशिक रोडला जाऊन वहिनींना पंक्चर काढायला शिकवणे.