मिलिंदचं बेल्जियम आणि आमचा घाट

सायकल चालवणाऱ्या माणसाला सायकल चालवण्यापेक्षा सायकलीवर बोलायला जास्त आवडतं. त्यामुळे किलोमीटर कमी आणि किस्से जास्त, अशी आमच्या ग्रुपची अवस्था आहे. टायरमधली हवा आठवड्याभरात उतरते. किस्स्यांमधली मात्र दर रविवारी वाढतच जाते!

आम्ही चौघं, अंबाजोगाईचे. माझं मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे ग्रुपला स्प्रे आणि बँडेज पुरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. वैशाली मॅडम शाळेत पीटी शिकवतात. बोलतात कमी आणि असतात कायम सगळ्यांच्या पुढे. नानांची शेती मोठी आणि पुढारपण त्याहून मोठं. चौथा मिलिंद. तो कॉम्प्युटरच्या नोकरीत काही वर्षं बेल्जियमला होता. आता इथूनच काम करतो, पण मन अजून विमानातून उतरलेलं नाही. तिकडे सायकल म्हणजे धर्म आणि बिअर म्हणजे तीर्थ, असं तो सांगतो. दर रविवारी सांगतो!

*

मिलिंद परत आला, त्या पहिल्याच सकाळी तो अंगाला चिकटलेली काळी चड्डी आणि पिवळाजर्द टी-शर्ट घालून गल्लीतून निघाला. कोपऱ्यावर त्याचे चुलते दात घासत उभे होते. त्यांनी त्याला खालून वर आणि पुन्हा वरून खाली पाहिलं. तोंडातला फेस थुंकून विचारलं, "मिलिंदा, वरची पँट घालायची राहिली का बे?"

"काका, हिला पँट लागत नाही. हिने हवा अडत नाही. तिकडे सगळे हेच घालतात."

"तिकडं घालू दे. हितं नळाला पाणी आलंय अन् समद्या बाया भायेर हायेत. हवा अडली तरी चालंल, जरा तू आड हो!"

*

मिलिंदची सायकल कार्बनची. एका बोटावर उचलता येते. तरी त्याला ती जड वाटायची. त्याने घंटी काढली, स्टँड काढला, लोखंडी स्क्रू काढून टायटॅनियमचे मागवले. "ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो," असं म्हणत तो आम्हाला एकेक स्क्रू तळहातावर ठेवून दाखवायचा.

एका रविवारी निघताना त्याची आई डबा घेऊन बाहेर आली. धपाटे, लोणचं आणि बाटलीभर दही.

मिलिंद ओरडला, "आई, वजन वाढतं!"

आईने डब्याला हात लावून पाहिला. "वाढतंय तर वाढू दे. कवाचा बारीक झालायस!"

डबा हँडलला टांगून बेल्जियमची सायकल धपाट्यांचा वास सोडत घाटाला लागली. पहिल्या वळणावर नानांनी थांबवली आणि दुसऱ्या वळणापर्यंत तिचं वजन पुन्हा जागेवर आलं.

*

नाना सायकलिंगला येतात तेव्हा त्यांच्या मागे त्यांची पांढरी गाडी येते. गाडीत ड्रायव्हर, पाण्याचा जार, कोरडा शर्ट आणि एक खुर्ची. मिलिंदने हे पाहून एकदा गंभीरपणे सांगितलं, "मोठ्या रेसमध्ये प्रत्येक टीमच्या मागे अशी सपोर्ट कार असते." झालं! तेव्हापासून नाना स्वतःला टीम समजतात.

मिलिंदने सगळ्यांच्या मोबाईलवर वेग मोजायचं ॲप टाकून दिलं. पुढच्याच आठवड्यात घाटाच्या चढावर नानांचा रेकॉर्ड झळकला. आमच्यातच काय, आसपासच्या कुठल्याच तालुक्यात कुणी एवढ्या वेगाने तो घाट चढलेलं नव्हतं.

मिलिंद म्हणाला, "नाना, हा वेग युरोपच्या चॅम्पियनलासुद्धा जमत नाही!"

"त्यांना सपाट रोडची सवय," नाना शांतपणे म्हणाले. "आपल्याकडचे खड्डे माणसाला तयार करतेत."

आम्ही मान डोलावणार, तेवढ्यात गाडी पुसणारा ड्रायव्हर घाबरून पुढे आला. "नाना, आईची आन, मोबाईल माझ्याजवळ हुता तवा मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलोच न्हाई!"

*

राईडनंतर एक थंड बिअर, ही मिलिंदच्या मते संस्कृती आहे. आम्ही एकदा माजलगावच्या धरणापर्यंत जाऊन आलो आणि वाटेत एका ढाब्यावर टेकलो. नेमका निवडणुकीचा ड्राय डे! मिलिंदचा चेहरा पडला. ढाब्याच्या मालकाला त्याची दया आली. तो आत गेला आणि चहाची किटली आणि चार कपबश्या घेऊन आला.

मिलिंदला बिअर मिळाल्याचा आनंद कमी आणि कपाचं दुःख जास्त. "तिकडे प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो. कमळाच्या कळीसारखा. त्याशिवाय सुगंध कळत नाही."

मालक आजूबाजूला बघत मोठ्याने म्हणाला, "बशीत वता साहेब. गरम हाय, लवकर निवंल."

वैशाली मॅडमच्या पुढ्यातही कप होता. तेवढ्यात त्यांच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील समोर येऊन उभे राहिले. नमस्कार झाला. त्यांनी कपात डोकावून पाहिलं.

"मॅडम, बिनदुधाचा चहा?"

"हो. डाएट चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

"बरंय, बरंय." ते जायला वळले, थांबले आणि पुन्हा वळले. "मग ह्याला फेस कशाचा?"

*

कडा गावाला नानांचे सोयरे आहेत. दिवाळी झाल्यावर आम्ही सायकली गाडीत टाकून तिकडे गेलो होतो. सकाळी गावाबाहेर राईडला निघालो, तर रस्त्याच्या कडेला ट्रक उभा. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं त्यात चढत होती. भांडी, गोधड्या, एक शेळी, लेकरं. वाट अडली म्हणून आम्ही थांबलो.

बोचकं वर देणाऱ्या एका बाईने मिलिंदच्या हेल्मेटकडे, गॉगलकडे बघत विचारलं, "कुठं चाललाव दादा?"

"कुठंच नाही मावशी. असंच पुढे जायचं आणि फिरून परत इथंच यायचं."

बाईला ते पटेना. तिने ट्रककडे पाहिलं, मग पुन्हा मिलिंदकडे.

"परत हितंच यायचं, तर निघालाव कावून?"

ट्रक गेल्यावर आम्ही सायकली वळवल्या. त्या दिवशी बेल्जियमचं नाव निघालं नाही.

*

यंदा नानांच्या वाढदिवसाला सायकल रेस ठेवली. घाट उतरायचा आणि परत चढून मंडपात यायचं. कमानीवर नाना, बॅनरवर नाना, मेडलवरही नानाच! मिलिंद महिनाभर तयारी करत होता. "तिकडे मी ज्यांच्याबरोबर चालवलीय ना, त्यांच्यापुढे ही रेस म्हणजे खेळ," असं त्याने गावभर सांगितलेलं. त्यामुळे त्याला हरून चालणार नव्हतं. नाना स्वतः उतरले होते, त्यामुळे त्यांना हरवून कुणालाच चालणार नव्हतं.

वैशाली मॅडमना यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. त्या सगळ्यांच्या आधी आल्या. बऱ्याच वेळाने मिलिंद आला. तोंड उघडं, डोळे पांढरे. मी स्प्रे घेऊन धावलो. त्याच्या मागून घामाघूम नाना आले. खरं सांगायचं तर शेवटचा चढ त्यांनी स्वतःच्या पायांनी चढला होता.

माईकवाल्याची पंचाईत झाली. त्याने थोडा विचार करून जाहीर केलं, "महिला गटात प्रथम, वैशाली मॅडम!" बक्षीस प्रेशर कुकर. "पुरुष गटात प्रथम, मिलिंदराव!" बक्षीस माणसाएवढी ट्रॉफी.

मिलिंद ट्रॉफीकडे गेलाच नाही. माईकपाशी जाऊन धापा टाकत एवढंच म्हणाला, "पहिल्या मॅडम आल्यात. मी दुसरा." आणि खाली बसला. ट्रॉफी मॅडमच्या हातात द्यावी लागली.

वातावरण सावरायला नानांनी माईक घेतला. दम अजून लागलेला होता. कौतुकाने म्हणाले, "मॅडम, येवढं घरदार सांभाळून तुमी सायकल कवा चालवता?"

मॅडमनी ट्रॉफी खाली ठेवली. "नाना, तुम्ही एवढा तालुका सांभाळून कधी चालवता?"

नानांनी कपाळावरचा घाम पुसला आणि चालू माईकमध्ये म्हणाले, "म्या कुठं सांभाळतो!"

नानांचं वाक्य संपलं की टाळ्या, हे कार्यकर्त्यांना पाठ. अख्खा मंडप कडाडला!