अंजनाबाईंची सही

अंजनाबाई वारल्या त्याला चार महिने झाले होते, आणि पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं त्यांच्या नातीला.

खुशबू आरोग्यसेविकेच्या यादीत निवडून आली होती. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. हे काम चहा होईस्तोवर उरकेल असं तिला वाटलं. हवालदार गुणवंतरावांनी मात्र चहा मागवला नाही. त्यांनी टेबलावर एका कागदाची झेरॉक्स ठेवली.

"ही सही ओळखतेस?"

गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्याचं संमतीपत्र होतं. रुग्ण जंगू, वय अंदाजे तीस, अस्वलाचा हल्ला, पायाचं ऑपरेशन. खाली नातेवाइकाच्या रकान्यात अंजनाबाईंची सही, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर सुटं. नातं: आई.

"तुमी बौद्ध, तो माडिया आदिवासी. तुही आजी त्याची आई कशी झाली बाप्पा?"

खुशबूनं झेरॉक्स जवळ ओढली. गुणवंतरावांनी पुढचं सांगितलं. हा जंगू चौथ्या दिवशी, टाके न काढताच, दवाखान्यातून निघून गेला. याच नावाचा एक माणूस त्यांच्या नक्षल चौकशीच्या यादीत आहे. तोच हा की दुसरा, कोणाला ठाऊक नाही.

"सोमवारी लेखी जबाब दे. सही आजीची नाई, कोणीतरी नाव वापरलं, एवढं लिहिलं तरी तुहं काम मोकळं. मेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

आलापल्लीकडच्या एसटीत बसल्यावर खुशबूला पहिल्यांदा आजीचे गुरुवार आठवले.

अंजनाबाईंनी एकोणीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली. नवरा सागवानाच्या डेपोत मजूर होता, तो लवकर गेला. नागसेन हा एकच मुलगा, खुशबूचा बाप. रविवारी त्या विहारात जात, पौर्णिमेला उपोसथाचा उपवास धरत, घरात कोणी खोटं बोललं की जेवण थांबवून त्याच्याकडे बघत राहत. खिचडीचं काम सुटल्यावर दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं गडचिरोलीला जाऊ लागल्या. गुडघ्याचं औषध आणते, असं सांगत. सोबत तीन डब्यांचा टिफिन. नागसेन हसायचा, "बुढीचा तिकडं दुसरा संसार दिसते."

तेव्हा सगळे हसले होते. आता खुशबूला आठवलं की घरात गुडघ्याची एक गोळीही कधी दिसली नव्हती.

घरी पोचल्यावर तिनं बापाला विचारलं. नागसेननं फवारणीचा पंप धुता धुता मान वर केली नाही.

"सही नाई म्हणून लिहून टाक."

"तुमाले माहीत होतं काय?"

"मले काईच माहीत नाई. आन् तूही विचारू नको."

या उत्तरानं तिचा संशय दुप्पट झाला. आजी कोणासाठी डबा नेत होती? कोणाचे निरोप? तीन डबे एका म्हातारीला कशाला लागतात? शनिवारी ती सत्यशीलाबाईंकडे गेली. विहारात आजी आणि त्या शेजारी बसत, आणि गुरुवारी कधी कधी एकाच गाडीला दिसत.

सत्यशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. खुशबूनं झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती हातात न घेताच वाचली.

"तू पोलिसायची माणूस होऊन आली का अंजनाची नात होऊन?"

"मावशी, माही नोकरी अडकली."

सुपातला एक खडा काढून त्यांनी तो लांब फेकला.

"ऑपरेशनले सही लागते. आतल्या गावचा माणूस एकटा पडते, खाटेवर टाकून आणणारे परत जाते. डॉक्टर म्हणते, नातेवाईक आणा. चार कोस जंगलातून कोण आणते? मंग गुरुवारी गेली की तुही आजी उभी राहे."

"आई म्हणून? खोटं लिहून?"

"खोटं?" सत्यशीलाबाई भडकल्या. "शीलाची पक्की होती ते. पेशंटच्या कानाशी जाय, अन् सांगे, मले आई म्हण. त्यानं म्हटलं की पुन्हा म्हण. तीनदा म्हणवून घे, मंगच पेन हातात धरे. मी बी तिले एकदा टोकलं. तं मलेच म्हणे, बुद्धाले शरण तीनदा म्हटलं की आपण बौद्ध होतो, मंग तीनदा म्हटल्यानं मी आई काऊन नाई?"

"अन् ज्याले मराठी नाई येत त्यानं?"

"आपल्या बोलीत म्हणे. तिले आयकू आलं म्हंजे झालं. मंग सुट्टी होईस्तोवर दर गुरुवारी डबा. आई झाली ना."

"असे किती?"

"मोजले नाई. सोळा-सतरा असतीन."

"जंगू कोण होता, मावशी?"

"अस्वलानं फाडलेला माणूस होता."

"पण कोण होता?"

सत्यशीलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आमी विचारलं नाई. तिनं कोणालेच नाई विचारलं."

खुशबूला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. जंगू साधा मोहफूल वेचणारा असता, तर सगळं सोपं होतं. तो तसा असेलही, नसेलही. आजीवरचा तिचा संशय फिटला होता. जंगूवरचा मात्र तसाच होता, आणि आजीनं तो कधी घेतलाच नाही याचा रागही थोडा होता. एक नाव, एक गाव विचारायला काय लागलं असतं?

सोमवारी तिनं ठाण्यातच बसून जबाब लिहिला. पहिलं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ गेला: सही माझ्या आजीची आहे. मग तीनदा आई म्हणवून घेण्याचं, डब्याचं, गुरुवारचं. शेवटी: जंगू कोण, हे मला माहीत नाही, आजीलाही माहीत नसावं.

गुणवंतरावांनी दोनदा वाचलं.

"तुले सोपा रस्ता दाखवला होता ना बाई?"

"सही तिचीच हाये, साहेब."

"हे वर जाईन. लटकन सहा महिने. जागा भरून बी टाकतीन."

"माहीत हाये."

"तीनदा आई म्हटलं अन् झाली आई," ते स्वतःशीच म्हणाले. "असं कोणी करते काय?"

त्यांनी समासात काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्याकडे फिरवला. लाल शाईत ओळ होती: अर्जदार माहिती लपवीत असल्याचा संशय आहे.

खुशबूनं ती वाचली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.