मामाची शिवी चोराच्या तोंडी

ये गं बाय, अशी जवळ ये. लांब खुर्चीवर पाहुण्यासारखी काय बसतेस? इथे पलंगावर बस, पाय वर घे. आणि आधी मला सांग, तुझ्या पोरीच्या हातातलं पुस्तक का हिसकावून घेतलंस? परवा फोनवर किती फुशारकीने सांगत होतीस, "आजी, मुलांची रहस्यकथा म्हणून आणली आणि आत शिव्या! मी सरळ कपाटावर टाकून दिली." वाचलीस का तरी? शिवी कुणाच्या तोंडी आहे, कुणाला घातली आहे, का घातली आहे, काही पाहिलंस? नाही ना. नुसती शिवी दिसली की तुम्ही पुस्तक मिटता. मी रागावत नाही हो. पण एकदा एका पुस्तकातल्या शिवीने आमच्या घरात काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. आज ऐक.

तेव्हा आम्ही गिरगावात राहायचो. दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी. बाबा कचेरीत कारकून. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, आमच्याचकडे राहायचा. तोही कचेरीत होता, पण संध्याकाळी घरी आला की पाट घेऊन, त्यावर कागद ठेवून लिहीत बसायचा. मुलांसाठी रहस्यकथा. महिन्याला एक छोटं पुस्तक निघायचं, वर टोपणनाव. गिरगावातलीच चार मुलं, शाळेतून सुटली की चोर पकडायला जायची. त्यांचा गृहपाठ कधी व्हायचा देव जाणे. पण आम्ही पोरं त्या पुस्तकावर तुटून पडायचो. आणि त्या टोपणनावामागे आपला काका आहे हे सुरुवातीला चाळीत फक्त आम्हाला ठाऊक. माझी तर छाती फुगून यायची.

शाळा माझी लवकर सुटली. आईला बरं नसायचं, धाकटी भावंडं, कुणीतरी घरी हवं होतं. पुढे जे काही वाचायला शिकले ते काकाच्या प्रुफांवर. छापखान्यातून ओल्या शाईचे लांबलचक कागद यायचे. काका म्हणायचा, "माझी पहिली वाचक कुठे गेली?" मी हात पुसत यायची. मी वाचायची, काका माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मी कंटाळले की तो तिथे खूण करायचा आणि ते काढून टाकायचा. मला शाळेचं दुःख असं फार राहिलंच नाही, ते त्यामुळे.

आता मामा. आईचा थोरला भाऊ. डिलाईल रोडला राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. आईवडील गेलेले, गावचं घर बंद, तेव्हा आईचं मुंबईतलं माहेर म्हणजे तो एकटा. दर रविवारी यायचा. हातात मासळीची पिशवी, आणि जिन्यातूनच आवाज, "मेली खंय गो सगळी?" की आई हसत दारात. मामाच्या तोंडी शिवी अशी असायची, जसं तुझ्या तोंडी 'अगं' असतं. रागावला की मात्र गप्प व्हायचा. शिव्या देतोय म्हणजे मामा खुशीत आहे, हे आम्हा पोरांनासुद्धा कळायचं. मालवणी माणसाच्या घरी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मामाला सही येत होती, वाचता येत नव्हतं. म्हणून रविवारी जेवणं झाली की मी काकाचं नवीन पुस्तक त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. गॅलरीतली पोरंही जमायची. त्या काळी पुस्तकात शिवी छापत नसत, फुल्या टाकत. चोर चिडला की फुली, फुली, फुली. मी इमानाने वाचायची, "'अरे फुल्या फुल्या, मला पकडतोस?' तो गरजला."

मामा भडकायचा. "फुल्यो काय वाचतंस गो? चोर असा तो, देवळात बसान अभंग म्हणता काय?"

"मामा, तसंच छापलंय."

"मग मी सांगतंय काय ता." आणि फुल्यांच्या जागी तो एकेक असा माल भरायचा की पोरं लोळायची. आई पदर तोंडाला लावायची. बाबा पेपरामागून खाकरायचे. काका भिंतीला टेकून हसत असायचा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "मामा, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा," म्हणायचा. मला वाटायचं, काकाला मामा किती आवडतो.

आवडतही असेल. कारण मध्ये चळवळीचे दिवस आले. मुंबई आपल्याला मिळाली पाहिजे म्हणून सगळं शहर रस्त्यावर. गिरणीतली माणसं लालबाग-परळहून चालत यायची, इकडून कारकून, मास्तर, कॉलेजची मुलं. काका चष्मा सावरत घोषणा द्यायचा. "गिरगाव आणि गिरणगाव आता एक आहे वहिनी, वेगळं काही उरलं नाही," असं आईला जेवताना सांगायचा. आईला ते फार गोड वाटायचं. दिराच्या तोंडून माहेरचं कौतुक, दुसरं काय.

एका दुपारी आमच्या रस्त्यावरच लाठीमार झाला. काका पळता पळता थांबून मागे बघत होता, चष्मा पडला म्हणून. मोर्च्यात मामा होता. त्याने पाहिलं, लाठी काकावर येतेय. तो ओरडला, "वाक रे रांडेच्या, डोक्यार बसात!" आणि काकाला मानगुटीला धरून खाली दाबलं. लाठी मामाच्या खांद्यावर बसली. मग काकाला ओढत खोताच्या वाडीत नेलं आणि तिथल्या एका घराच्या लाकडी जिन्याखाली दोघे दडून राहिले. रस्ता शांत झाल्यावर घरी आले. आईने हळद गरम करून मामाच्या खांद्याला लावली. पुढे संचारबंदी, म्हणून मामा आमच्याकडेच राहिला. काकाने स्वतःचं अंथरूण त्याला दिलं.

ही गोष्ट काकाने अख्ख्या चाळीला सांगितली. "मामांनी शिवी घातली म्हणून वाचलो हो! 'कृपया खाली वाका' म्हणाले असते तर मी 'कोण आपण?' विचारत उभा राहिलो असतो." शिवीसकट सांगायचा. मामा लाजायचा. एवढा मोठा माणूस, पण लाजायचा.

त्यानंतरचं पुस्तक आलं, त्याची प्रुफं काकाने मला दिली नाहीत. विचारलं तर म्हणाला, "छापखान्याची घाई आहे, तिथेच बसून तपासली." मला जरा लागलं, पण म्हटलं, असेल.

रविवारी मामा आला. जेवणं झाली. मी नवं कोरं पुस्तक उघडलं, मलाही नवीनच होतं. गोष्ट मोठी रंगली होती. कफ परेडकडे मच्छीमारांच्या होड्यांतून चोरटा माल उतरतोय, चार मुलं जाळ्यांच्या ढिगामागे लपलीत, टोळीचा म्होरक्या तोंडाला फडकं बांधून उभा. पोलिसांची शिटी वाजते. आणि म्होरक्या त्याच्या साथीदारावर ओरडतो. मी वाचत गेले, थांबायचं सुचलंच नाही. "वाक रे रांडेच्या, डोक्यार बसात!"

या खेपेला फुल्या नव्हत्या. पुरतं छापलं होतं.

मामा आधी हसला. हो, आधी हसलाच. मांडीवर थाप मारली. "ही माझीच मा गो? लेखकान माझी शिवी छापली!" पोरंही ओरडली, "मामाची शिवी, मामाची शिवी!" आई कौतुकाने काकाकडे बघत होती. काका मात्र गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून उभा होता.

माझी नजर पुढच्या ओळींवर गेली आणि मी थांबले.

"वाच गो."

"मामा, चहा करू का?"

"चाय मागसून. वाच. गाळू नको."

मी वाचलं. आजही ते माझ्या तोंडाला चिकटून आहे. त्या चार मुलांतला हुशार मुलगा हळूच मित्राला म्हणतो की फडकं बांधून काय उपयोग, ह्याचं बोलणं ऐकलंस ना? हा गिरणीत काम करणारा माणूस आहे. भल्या घरचा माणूस असल्या शिव्या देईल का? आता आपण लालबागकडे शोध घ्यायचा. आणि तसाच शोध घेऊन मुलं त्याला पकडतात, एका चाळीत, शिवी देतानाच.

गॅलरीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. चोर पकडला ना! त्यांना काय.

मामाने खांद्यावर हात नेला, दुखऱ्या. नुसता ठेवला. मग काकाला म्हणाला, "हय बघ लेखका. तुका वडलंय तेव्हा काय चोर होतंय मी?"

काका वळला. "अहो मामा, गोष्ट आहे ती. मुलांना मजा वाटते. तुमचं नाव कुठे घातलंय त्यात?"

"नाव घालूक व्हया होता. मग माका भांडाक तरी इला असता." मामाचा आवाज चढला नाही. शिवीही नाही. "तू माका नाय, सगळ्या गिरणगावाक चोर केलंस. आणि माझ्याच तोंडान."

पायात वहाणा घातल्या आणि गेला. आई मासळीची रिकामी पिशवी घेऊन जिन्यापर्यंत धावली. त्याने ती घेतली, मागे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी काकाला गाठलं. म्हटलं, "काका, घाई नव्हती. तू मुद्दाम मला प्रुफं दाखवली नाहीस."

त्याने पाटावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "तू म्हणाली असतीस, काढ."

"मग काढायचं."

"काढलं असतं तर चोर सापडला कसा असता?"

बघ गं, त्याला ठाऊक होतं. हेच मला आजवर गिळता आलं नाही. चुकून झालं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. पण त्याने आधी ओळखलं, मला कुठे टोचेल ते, आणि नेमकं तेवढंच माझ्यापासून लपवलं. पहिली वाचक म्हणे! त्या रविवारच्या हसण्यात तो मामाबरोबर नव्हताच मुळी. तो माल गोळा करत होता. मोर्च्यात गळ्यात गळा घालणारा माणूस घरी येऊन कागदावर बसला की लगेच भलं घर त्याच्या वाट्याला आणि चोर मामाच्या, असं वाटप झालं. आपल्या हातून काही वाईट झालं असं त्याला खरंच वाटत नव्हतं. बाबाही म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीपायी एवढा राग?" आई दिराला पूर्वीसारखंच वाढायची. फक्त "आणखी घ्या भावोजी" म्हणणं बंद केलं, ते कायमचं.

रविवार आले नि गेले. मामा आला नाही. आई दुपारपर्यंत उगाच मासळीसाठी नारळ वाटून ठेवायची, मग संध्याकाळी त्याची आमटी करायची.  भाऊबीज जवळ आली तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. भाऊबीजेला तरी येईल. भावाने बहिणीकडे भाऊबीजेला यायचं नाही म्हणजे नातं संपलंच की.

आला. पण वर नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी हाक मारली, "वहिनी, तुमचे भाऊ खाली उभे आहेत. वर येत नाही म्हणतात."

आईने ओवाळणीचं ताट उचललं, मी पाट घेतला. जिन्याखाली, जिथे सायकली लावायचे, तिथे मामा उभा होता. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस.

"दादा, वर चल," आई म्हणाली.

"नको. हयच ओवाळ."

"मी काय केलंय रे?"

"तू काय्येक केलंस नाय. पण वर जेवूक बसलंय की तो माझ्या तोंडाकडे बघीत ऱ्हवतलो, काय पडता ता. माका घास गिळाचो नाय."

आईने तिथेच पाट मांडला. जिन्यातून माणसं चढत-उतरत होती, अंग चोरून, ताटातलं निरांजन सांभाळून. तिने कुंकू लावलं, ओवाळलं.  मग मामाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशी आहेस? घरचं काम करतेस ना नीट?"

अगं, शुद्ध बोलला! माझ्याशी! एरवी "काय गो मेले, वाळलंस किती" म्हणून पाठीत धपाटा घालणारा मामा, माझ्याशी शाळेच्या इन्स्पेक्टरसारखा बोलला. मला तिथेच हुंदका फुटला. त्याला वाटलं, मी ओवाळणी कमी पडली म्हणून रडते की काय. खिसा चाचपायला लागला बिचारा.

वर गॅलरीत काका उभा होता. मी वर पाहिलं. तो खाली आला असता, नुसता येऊन उभा राहिला असता, तरी मामा वर चढला असता अशी माझी खात्री आहे. तो आला नाही. आत गेला.

पुढे राज्य मिळालं. रस्त्यारस्त्यावर दिवे लागले, लोक अनोळखी माणसांना पेढे भरवत होते. आमच्या गॅलरीतून गिरगावातले नि गिरणगावातून आलेले, दोन्हीकडचे जयजयकार ऐकू यायचे. आई पेढे घेऊन डिलाईल रोडला गेली, मी तिच्याबरोबर. त्यापुढे नेहमी तिलाच जावं लागलं. मामा शेवटपर्यंत आमच्या जिन्याखाली यायचा, दर भाऊबीजेला, आणि वर कधीच नाही. काकाची पुस्तकं निघत राहिली. मी मोठ्याने वाचणं सोडलं. मनात वाचायची, वाचल्याशिवाय राहवायचंही नाही, तेच तर वाईट.

म्हणून म्हणते बाय, आता निघालीस तर नीघ, उशीर नको करू. पण पुन्हा लवकर ये, आणि पोरीला नि ते कपाटावरचं पुस्तक घेऊन ये, शिवी कुणाच्या तोंडी घातलीय ते तिघी मिळून वाचू. ते गाडीत बसून फोन करतेस ना, "आजी, जरा गॅलरीत ये, हात हलवते, घाईत आहे", तसलं मला चालायचं नाही. गाडी लाव, वर चढून ये, आणि माझ्या घरात तोंडाला येईल तसं बोल.