वक्तृत्व वाट्याला आलेले टार्पली

ल्युशस टार्पली यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम अंथरुणात पडून केला, आणि तोही तोंड न उघडता.

१९११ सालचा फेब्रुवारी महिना होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, काळ्या विद्यार्थ्यांच्या हॅरो कॉलेजच्या वसतिगृहात त्यांना गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल इतके सुजले होते की मान कुठे संपते आणि चेहरा कुठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला कळत नसे. कॉलेजचे अध्यक्ष कडक पाद्री होते. विद्यार्थ्यांनी गुप्त मंडळं काढायला त्यांची सक्त मनाई होती. देखरेख करणारे गृहस्थ दिवसातून तीनदा खोल्या तपासत, पण टार्पलींच्या दाराशी आले की नाकाला रुमाल लावून पुढे सटकत. मग रविवारची प्रार्थना आटोपल्यावर सहा मुलं नेमकी त्याच खोलीत शिरली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि त्यांनी एका बंधुमंडळाची स्थापना केली. प्रतिज्ञा झाली. निघता निघता एकाच्या लक्षात आलं की खाटेवर सातवा आहे आणि त्यानं सगळं ऐकलंय.

"काय रे ल्युशस, तूही आहेस ना आमच्यात?"

टार्पलींची मान हलली. ती होकारानं हलली की ठणक्यानं, हे त्यांचं त्यांनाही कधी सांगता आलं नाही. पंधरा दिवसांत त्या सहांपैकी पाचांचे गाल सुजले. मंडळाचं पहिलं सामूहिक कार्य म्हणायचं तर ते हेच.

पुढे टार्पली मास्तर झाले. लिंडन क्रीक गावी काळ्या मुलांची शाळा होती. तिथे त्यांनी अडतीस वर्षं मुख्याध्यापकी केली. म्हणजे सकाळी शेगडी पेटवायची, दुपारी भूमिती शिकवायची, छत गळायला लागलं की शिडीवर चढायचं. गोऱ्यांच्या शाळेतून टाकून दिलेली पुस्तकं येत. फाटलेली पानं टार्पली हातानं लिहून चिकटवत. भाषणाची मात्र त्यांना भारी धास्ती. निरोपसमारंभात ते इतकं पाणी पीत की समारंभ अर्ध्यावर टाकून त्यांना उठावं लागे.

मंडळ मात्र वाढलं. गावोगावच्या कॉलेजांत शाखा निघाल्या. १९२७ मध्ये एका उत्साही बंधूनं संस्थापकांची चरित्रं छापली. प्रत्येकाला एकेक सद्गुण वाटून दिला. धैर्य, निष्ठा, विद्वत्ता वगैरे सहाजणांत संपले आणि उरलं वक्तृत्व. ते टार्पलींच्या वाट्याला आलं. पुस्तिकेत छापलं गेलं, 'संस्थापक टार्पली, ज्यांनी आपल्या गंभीर आवाजात प्रतिज्ञा सर्वप्रथम उच्चारली.' टार्पलींनी ते वाचलं. चुकीची दुरुस्ती कळवायला कागद घेतला. मग ती ओळ पुन्हा वाचली, आणि कागद ठेवून दिला. कानाला बरं वाटलं, दुसरं काय!

मंडळाची एक रीत होती. उमेदवारीचे काही आठवडे जुन्या बंधूंची कामं करायची आणि त्यांचं ओरडणं सोसायचं. नव्या उमेदवारांनी उंचीप्रमाणे, बुटके पुढे, रांगेत उभं राहायचं, हातात काडी पेटवायची आणि ज्योत बोटांशी पोहोचायच्या आत सातही संस्थापकांची एकेका ओळीची चरित्रं बिनचूक म्हणायची. एक शब्द जरी चुकला, तरी उमेदवारी धोक्यात.

१९६१ मध्ये मंडळाला पन्नास वर्षं झाली. सहा संस्थापक देवाघरी गेले होते. टार्पलींना आग्रहाचं बोलावणं आलं. कॉलेजच्या भोजनगृहात तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव खाऊन दीडशे बंधू तृप्त बसले होते. टार्पलींना मधोमध उंच पाठीची खुर्ची दिली होती. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. समोर आठ उमेदवार रांगेत होते. नववा मात्र दूर भिंतीशी एकटाच उभा होता. त्याला पाहताच टार्पली दचकले. तो क्लीव्हन मॅब्री होता, त्यांच्याच शाळेतला.

त्यांनी शाखेच्या अध्यक्षाला, हॉलिस पेटवेला, खुणेनं बोलावलं. पोरगा एकवीस वर्षांचा, पण चेहरा न्यायाधीशाचा.

"हा रांगेत का नाही?"

"त्यानं तुमचा अपमान केलाय, सर."

"माझा? ते काम तर आमच्या घरी रोज होतं. काय केलं यानं?"

"सहा संस्थापक फडाफड म्हटले. तुमच्यापाशी येऊन थांबला. म्हणे, ही ओळ खोटी आहे, मी म्हणणार नाही. जेवण झालं की मतदान घेऊन त्याचं नाव कायमचं काढणार आहोत."

टार्पली खुर्चीतून उतरून भिंतीशी गेले.

"अरे क्लीव्हन, एक ओळ होती. म्हणून मोकळं व्हायचं की."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं. आठवीत माझे गाल सुजले होते तेव्हा घरी आला होतात."

"अरे, ते तुला हसवायला सांगितलं होतं."

"मग खोटं होतं का, सर?"

टार्पलींनी पाण्याचा पेला शोधला. तो जवळपास कुठे नव्हता. ते वळले आणि दीडशे लोकांपुढे बोलायला लागले. गालगुंड, खाट, रुमाल लावणारे गृहस्थ, हललेली मान, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मला लापशीसुद्धा गिळता येत नव्हती. मी बोललो काहीच नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट.

"काय हा विनय!" कोणीतरी ओरडलं. एकानं डोळे पुसले.

"विनय नाही हो, गालगुंड!" टार्पली म्हणाले. टाळ्या दुप्पट झाल्या. नको नको म्हणताना मोठं होत जायचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता, आणि तिकडे भिंतीशी मॅब्री तसाच उभा होता.

"पेटवे," टार्पली ओरडले, "मला प्रतिज्ञा विचार."

ती प्रतिज्ञा कुठे लिहिलेली नव्हती. नव्या बंधूला ज्येष्ठ बंधू ती एकदाच कानात सांगे. सभेत म्हणताना निम्मे लोक तोंड मिटून गुणगुणत, म्हणजे दाराबाहेर शब्द जाऊ नयेत. आणि संस्थापकाच्या कानात सांगायला जाणार कोण?

पेटवेनं दार लावून घेतलं. टार्पलींनी छाती भरून सुरुवात केली. पहिले चार शब्द झाले. मग नुसतंच "हं हं हं" असं गुणगुणणं, आणि थेट "आमेन".

"पुढचं, सर?" पेटवेचा आवाज बारीक झाला.

"पुढचं मला येत नाही. पन्नास वर्षं मी नुसते ओठ हलवतोय."

मागच्या टेबलावरचे दंतवैद्य फेन, प्रत्येक अधिवेशनात टार्पलींच्या शेजारी बसणारे, एकदम म्हणाले, "अरे देवा! आणि मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो!"

सभा हसायला लागली, आणि या वेळी कोणी विनयाचं नाव काढलं नाही. पेटवे तेवढा हसला नाही. त्यानं नियमांची वही उघडली.

"ओळ खोटी ठरते. म्हणजे मॅब्री चुकला नाही. मॅब्री, रांगेत ये." मग तो अडखळला. "पण सर, ज्याला प्रतिज्ञा येत नाही तो बंधू नव्हे, असं कलम आहे."

"बरोबर आहे. मग अर्ज कुणाकडे करायचा?"

पेटवेनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नजरेनं मापलं. "रांग उंचीप्रमाणे असते. तुम्ही सगळ्यांत पुढे. मॅब्री तुमच्या मागे."

मॅब्रीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "सर, पाठ ताठ. आता ते ओरडतील, मनावर घेऊ नका."

त्या संध्याकाळी टार्पलींनी घरी फोन केला. त्यांच्या पत्नी ओडेसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मिस्टर टार्पली, तुम्ही घरी येणार कधी?"

"तीन आठवड्यांनी. सकाळी सहाला हजेरी असते. मग जुन्या बंधूंचे बूट पुसायचे."

"किती जोड?"

"पहिल्या दिवशी बावीस."



"चाळीस वर्षांत माझी एक चप्पल कधी उचलली नाहीत," बाई म्हणाल्या. "चांगलं शिकून या."