पहिलं पिवळं दूध

भाजलेल्या ओव्याचा वास आला की घाटंजीच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. लेक नुकतीच जन्मली होती. सासूबाई माझ्यासाठी ओवा आणि बाळासाठी मधाची वाटी घेऊन आल्या. "पयलं पिवळं दूध पिळून टाक, पोरीले मध चाटवतो," त्या म्हणाल्या. ते पिवळं दूध म्हणजे चीक, तोच बाळाला द्यायचा असतो, हे मी गरोदर बायकांच्या वर्गात शिकले होते. "मध नको आई, मीच पाजतो तिले," मी ठामपणे सांगितलं. मी लेकीला पाजायला घेतलं; तिच्या तोंडातून स्तन सुटला, ती रडू लागली. पण मी तिला पोटाशी धरून पुन्हा लावलं आणि ती चुटूचुटू ओढू लागली. सासूबाई पाहत राहिल्या, मग वाटी बाजूला ठेवून माझ्या पाठीशी उशी सारत म्हणाल्या, "माह्या वक्ती मले कोणी सांगतलंच नाही." आता गावात कुणी बाळंत झाली की माझ्याआधी त्याच तिच्या उशाशी पोचतात.