कफीलची सही आणि हिरवा पट्टा

चहा पाजलात म्हणून सांगतो. नाहीतर हा गाढवपणा मी बायकोपासूनही वर्षभर लपवला होता!

आखातातलं युद्ध तोंडावर आलेलं. मी सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरीत मशिनं सांभाळायला. बायको रत्नागिरीत, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि माझा पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या कपाटात. सुट्टीचा अर्ज तीनदा दिला. दर वेळी उत्तर एकच, "बुकरा!" म्हणजे उद्या. तो उद्या काही उगवेना.

एकदा मी त्याच्यासमोर फुशारकी मारली, "कॉलेजात एनसीसीत होतो. नेमबाजीत तिसरा!" किती जणांत, ते त्याने विचारलं नाही. तिघांत.

झालं! शुक्रवारी सकाळी मला जीपमध्ये घालून वाळवंटात नेलं, हातात रायफल दिली. "यल्ला सदीक!" म्हणजे चल दोस्ता. "एक खरगोश मारो, कल सही!"

मग काय, बाळाचं तोंड बघायचं तर ससा पाडायचाच! मी पालथा पडलो. एनसीसीच्या उस्तादांनी शिकवलेलं, रायफलचा पट्टा डाव्या दंडाला गुंडाळून ताणायचा, म्हणजे नळी हलत नाही. हिरवा पट्टा करकचून आवळला. हाताला मुंग्या आल्या, पण मी हटलो नाही.

झुडपाआड ससा दिसला. ठो! नुसती वाळू उडाली आणि ससा पळाला. मी सोडतो होय? ताडकन उठून त्याच्यामागे धावलो. रायफलची काळजी कशाला, दंडाला बांधलेली होती ना!

ससा थबकला. मी डावा हात रोखला, एक डोळा मिटला, चाप चाचपला. चाप सापडेना!

बघतो तर हातात मास्कची पिशवी! विषारी वायूच्या भीतीने तेव्हा आम्ही सगळेच ती खांद्याला लटकवून फिरायचो. तिचाही पट्टा हिरवाच, दंडाला मी तोच आवळलेला! रायफल मागे वाळूत निवांत पडलेली.

कफील जीपच्या बॉनेटवर हसून लोळत होता. "खलास! खलास!" डोळे पुसत त्याने माझ्या खिशातला अर्ज मागून घेतला, सही केली, वर अरबीत दोन ओळी खरडल्या. मला वाटलं, जिद्दीचं कौतुक असणार!

ऑफिसात आमच्या रत्नागिरीचे इस्माईलभाई अरबी वाचायचे. छाती फुगवून त्यांच्यापुढे अर्ज धरला. वाचता वाचता त्यांना ठसकाच लागला.

"काय लिहिलंय हो भाई?"

"लिवलंय, लढाई सुरू व्हायच्या आत याला इंडियाला धाडा. हा आपल्या बाजूने लढला तर आपण हरलोच!"